लिनक्स मिंट आणि सोपेपणाची कसोटी

ग्रंथपरीक्षणासाठीं राखलेल्या पृष्ठांत संगणकाच्या एका ऑपरेटिंग सिस्टीमची चर्चा पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या वस्तूशीं सुशिक्षित मनुष्याचा रोज कित्येक तास संबंध येतो, जिच्या मांडणीचा त्याच्या लिहिण्यावाचण्यावर, किंबहुना विचार करण्याच्या संवयीवरही परिणाम होतो, ती वस्तु टीकेच्या कक्षेबाहेर कां ठेवावी, याचें कारण आम्हांस सांपडत नाहीं. नाटकगृहाच्या रचनेवर टीका होते, ग्रंथाच्या छपाईवर व बांधणीवर होते. मग ज्या यंत्रांत आपलीं पत्रें, हिशेब, छायाचित्रें आणि अर्धवट राहिलेले लेख वस्तीस असतात त्याच्या अंतर्गत व्यवस्थेवर कां होऊं नये? 'लिनक्स मिंट' ही प्रणाली आम्ही २०१२ सालच्या 'माया' नांवाच्या तेराव्या आवृत्तीपासून वापरीत आलों आहों, आणि पुढील विवेचन या परिचयाच्या आधारावर केलेलें आहे.

प्रथम थोडी वंशावळ सांगणें अवश्य आहे. ती थोडक्यांत आटोपतों. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं अमेरिकेंत 'ग्नू' हा संकल्प जाहीर केला. संगणकाचें काम ज्या प्रोग्रॅमांनीं चालतें ते वाचण्याचा, बदलण्याचा व दुसऱ्यास देण्याचा अधिकार वापरणाऱ्यास असावा, हें त्याचें सूत्र. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें यंत्राचा कारभार पाहणारा गाभा लिहून लोकांपुढें ठेविला, तोच लिनक्स. त्या गाभ्याभोंवतीं १९९३ त डेबियन उभी राहिली, डेबियनच्या पायावर २००४ त उबुंटू, आणि त्याच कुळांतून २००६ त आयर्लंडमध्यें राहणारे क्लेमां लफेव्र यांनीं मिंट काढिली. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीस एका स्त्रीचें नांव असतें व तें आकारान्तच असतें: पहिली 'एडा', आम्हांस भेटलेली 'माया', २०२४ सालची बाविसावी 'विल्मा'. संस्कृतच्या पहिल्या पुस्तकांतील 'माला' शब्दाप्रमाणें चालणारी ही परंपरा आम्हांस विनाकारण आवडते.

इंग्रजींत 'फ्री' या एकाच शब्दांत मोल न पडणारें आणि बंधन नसलेलें हे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळें या चळवळीच्या पुढाऱ्यांस जन्मभर खुलासे करीत बसावें लागलें. मराठीस ही अडचण नाहीं. आपल्याकडे 'फुकट' निराळें आणि 'मुक्त' निराळें. तरी गंमत अशी कीं, शब्द दोन असूनही आपल्या समाजांत ही प्रणाली पोंचली ती 'फुकटची' म्हणूनच. आणि 'फुकट तें पौष्टिक' ही म्हण आपण खाण्यापुरतीच मानतों, वापरण्याच्या वस्तूंत फुकट तें हिणकस असाच आपला समज असतो. मिंटची प्रत उतरवून घेण्यास पैसा पडत नाहीं हें खरें. परंतु तिचा मोठा भाग ज्या परवान्याखालीं आहे त्याची मुख्य अट पैशासंबंधीं नाहीं. ही वस्तु सुधारून दुसऱ्यास दिलीत, तर ज्या अधिकारांनिशीं ती तुम्हांस मिळाली तेच अधिकार त्यालाही द्या, अशी ती अट आहे. खर्च देणग्यांतून, पुरस्कर्त्यांकडून व जाहिरातींतून भागतो, आणि देणग्यांचा आंकडा दरमहा प्रसिद्ध केला जातो. वर्गणीवर चालणाऱ्या आपल्याकडील सार्वजनिक वाचनालयांचा कारभार ज्यांनीं जवळून पाहिला आहे त्यांस यांत कांहीं नवल वाटावयाचें नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. मिंटची स्तुति करणारे बहुधा एकच वाक्य म्हणतात: ती विंडोजसारखी दिसते, म्हणून सोपी आहे. पडद्याच्या तळाशीं पट्टी, डाव्या कोपऱ्यांत मेनू, उजव्या कोपऱ्यांत घड्याळ, आणि खिडकीच्या माथ्यावर ती लहान, मोठी व बंद करण्याचीं तीन बटणें. आयुष्यभर विंडोज वापरलेल्या मनुष्यास येथें बिचकण्यासारखें कांहीं नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु सारखेपणा हा सोपेपणाचा फार उथळ अर्थ झाला. नव्या शेजाऱ्याचा चेहरा जुन्या मित्रासारखा असला तर पहिल्या दिवशीं बोलणें सुलभ होतें, इतकेंच. सहाव्या वर्षीं त्याच्याशीं कसें जमेल हें चेहऱ्यावरून कळत नाहीं. आमच्या मतें सोपी प्रणाली ती कीं जी शिकलेलें विसरावयास लावीत नाहीं, आणि नकार देण्याची वेळ आली तर जिच्यांत नकार देतां येतो. ही दुसरी गोष्ट सोपेपणांत कशी मोडते असें कोणी विचारील, म्हणून २०११ सालचा इतिहास जरा विस्तारानें सांगणें भाग आहे.

त्या काळीं बहुतेक लिनक्स प्रणालींत 'गनोम' नांवाचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची दर्शनी मांडणी, प्रचलित होता. २०११ च्या एप्रिलांत त्याची तिसरी आवृत्ति निघाली आणि तिच्या कर्त्यांनीं खिडक्यांची यादी दाखविणारी पट्टी काढली, जुना मेनू काढला, खिडकी लहान करण्याचें बटण देखील दिसेनासें केलें. त्याच महिन्यांत उबुंटूनें 'युनिटी' नांवाची आपली निराळीच मांडणी सर्वांपुढें ठेविली. हातांत धरावयाच्या लहान यंत्रांचे दिवस आले होते, आणि टेबलावरच्या संगणकानेंही त्यांचेंच रूप घ्यावें असें रचनाकारांनीं ठरविलें होतें. वापरणाऱ्यांस कोणीं विचारलें नव्हतें. हा रोग लिनक्सपुरताच होता असेंही नव्हे; २०१२ सालीं विंडोज ८ नें पट्टीवरचें प्रारंभाचें बटण नाहींसें केलें, तें २०१३ त परत आणावें लागलें. फरक असा कीं, विंडोज वापरणारास तें परत येईपर्यंत वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नव्हतें. दुसऱ्याचें घर, दुसऱ्याची किल्ली.

मिंटच्या मंडळींनीं काय केलें? जुन्या गनोमचा मूळ मजकूर परवान्यानुसार सर्वांस खुला होता. अर्जेंटिनांतील एका वापरकर्त्यानें तो उचलून त्याच्यावर पुढें काम सुरू केलें होतें, आणि तिकडे पितात त्या एका काढ्यावरून त्यास 'माते' असें नांव दिलें होतें. (मराठी कानास हें संबोधन वाटतें, आणि प्रथम ऐकतांना हंसूं येतें, पण उच्चार तोच आहे.) मिंटनें या मातेस आश्रय दिला. शिवाय २०११ च्या अखेरीस 'सिनॅमन' ही स्वतःची मांडणी काढिली: पाया गनोमच्या तिसऱ्या आवृत्तीचा, पण घाट जुना, पट्टी आणि मेनू जागच्या जागीं. २०१३ त ती गनोमपासून स्वतंत्र झाली. आज मिंट बहुतेक लोक वापरतात ती याच वेषांत. तेव्हां मिंटचा सोपेपणा हा मुक्तपणावर चढविलेला मुलामा नसून त्याचेंच फळ आहे. मुक्त प्रणालीचे अभिमानी 'मुक्त असूनही सोपी' असें जें वाक्य वापरतात त्यांतला 'असूनही' आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

दुसरा प्रसंग २०२० सालचा. उबुंटूनें 'स्नॅप' नांवाची प्रोग्रॅम पुरविण्याची आपली स्वतंत्र व्यवस्था उभी केली होती. तिचें भांडार एकाच संस्थेच्या हातीं असतें. क्रोमियम हा ब्राउझर जुन्या मार्गानें मागितला तरी त्या वर्षींच्या उबुंटूंत मागील दारानें स्नॅप येऊं लागला. मिंट उबुंटूच्या पायावर उभी असूनही तिनें विसाव्या आवृत्तींत त्यास मज्जाव केला. परंतु आमचें लक्ष वेधून घेतलें तें मज्जावानें नव्हे. ज्यास स्नॅप हवा त्यानें अमुक एक लहानशी फाइल पुसावी म्हणजे बंदी उठेल, असें मिंटच्या माहितीपत्रांतच लिहून ठेविलें होतें. धन्याचें मत एक आणि पाहुण्याचें दुसरें असेल तर पाहुण्यास आपल्या मताप्रमाणें वागण्याची सोय धन्यानेंच करून ठेवावी, ही सभ्यता संगणकाच्या व्यवहारांत दुर्मिळ आहे.

मिंटचें सर्वच धोरण आम्हांस पटलें असें मात्र नाहीं. पुष्कळ वर्षें तिचा सुधारणा-व्यवस्थापक येणाऱ्या सुधारणांस एक ते पांच अशा श्रेणी लावीत असे, आणि ज्यांनीं यंत्र बिघडण्याचा संभव त्या वरच्या श्रेणीच्या सुधारणा नवख्यापासून दूर ठेवीत असे. मोडतोड टळावी हा हेतु; पण त्या योगें सुरक्षिततेच्या कांहीं आवश्यक दुरुस्त्याही मागें पडत, आणि जाणत्यांनीं त्यावर केलेली टीका न्याय्य होती. पुढें 'टाइमशिफ्ट' हा प्रोग्रॅम आला व २०१८ च्या एकोणिसाव्या आवृत्तीपासून त्यास मध्यवर्ती स्थान मिळालें. तो प्रणालीच्या स्थितीची प्रत वेळोवेळीं काढून ठेवतो. सुधारणेनें कांहीं बिघडलें तर कालची स्थिति परत आणतां येते. पूर्वीं बिघाडाच्या भीतीनें दार लावून घेत होते, आतां दार उघडें ठेवून परतीची वाट राखली आहे. हा बदल आम्ही मिंटच्या उत्तम निर्णयांत गणतों.

२०१६ च्या फेब्रुवारींत त्यांच्या संकेतस्थळांत चोर शिरले आणि प्रत उतरवून घेण्याच्या दुव्यावर त्यांनीं विषारी प्रत बसविली. चालकांनीं ही गोष्ट ताबडतोब जाहीर केली, लपविली नाहीं. उतरविलेली प्रत अस्सल आहे कीं नाहीं हें तपासण्याची रीत तेव्हांही होती व आजही आहे; पण ती सामान्य गृहस्थास किचकट वाटते आणि म्हणून कोणी करीत नाहीं. सोपेपणाचा डौल मिरविणाऱ्या प्रणालीचें हें अंग अद्याप दुबळें आहे. शिवाय कार्य करणारी मंडळी थोडी, आणि पाया दुसऱ्याचा. उबुंटू उद्यां बदलली तर काय, या प्रश्नाचें उत्तर म्हणून ते सरळ डेबियनवर बेतलेली एक आवृत्ति तयार ठेवतात, हें शहाणपणाचें आहे. थोड्या हातांमुळें गतिही मंद असते: पडदा चितारण्याची 'वेलँड' नांवाची नवी पद्धति इतरांनीं अंगीकारल्यास वर्षें लोटलीं, सिनॅमनमध्यें ती २०२४ च्या जानेवारींत केवळ प्रयोग म्हणून दाखल झाली. आम्हांस या मंदपणाचा त्रास झालेला नाहीं, पण ज्यांचीं यंत्रें अगदीं नवीं आहेत त्यांस होतो.

जुन्या यंत्रांची गोष्ट मात्र निराळी, आणि मध्यमवर्गीय कुटुंबांस तीच आज अधिक जिव्हाळ्याची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ला मिळणारा सुरक्षा-सुधारणांचा नेहमींचा पुरवठा थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था व बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें सात-आठ वर्षांपूर्वींचीं, अन्यथा धडधाकट अशीं असंख्य यंत्रें एका दिवसांत जुनीं ठरलीं. मुलांच्या शिक्षणासाठीं पोटास चिमटा घेऊन घेतलेला संगणक भंगारवाल्यास देण्याची पाळी यावी, तीही त्यांत कांहीं मोडलेलें नसतां, हें कोणत्याही काटकसरी घरास रुचणारें नाहीं. मिंटला किमान दोन जीबी रॅम पुरते, चार असल्यास बरें. ती पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकांतल्या मजकुरास हात न लावतां, प्रथम नुसती चालवून पाहतां येते. छपाईयंत्र, वायफाय व आवाज ठीक चालतात असें दिसल्यावरच कायमची बसवावी. बसवितांना मजकुराची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी हें सांगणें नलगे. ब्राउझर फायरफॉक्स, टपालासाठीं थंडरबर्ड आणि लेखनासाठीं लिबरऑफिस हीं तीनही पहिल्यापासून आंत असतात. वृद्ध आईवडिलांच्या यंत्रावर बसवून द्यावयाची असल्यास याहून अधिक कांहीं करावें लागत नाहीं.

राहतां राहिलें मराठी. देवनागरी लेखनाची सोय उत्तम आहे: भारत सरकारनें प्रमाण ठरविलेली इन्स्क्रिप्ट मांडणी मिळते, आणि इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून लिहिण्याची ज्यांस संवय आहे त्यांच्यासाठीं तीही मिळते. जोडाक्षरें सुबक उमटतात. परंतु युनिकोडपूर्वींच्या खासगी फाँटांत ज्या मुद्रणालयांचें काम अजून चालतें त्यांच्याशीं व्यवहार करणाऱ्या लेखकानें सावध असावें. तो फाँट यंत्रांत नसेल तर आलेलें मुद्रित म्हणजे निव्वळ चिन्हांची रांगोळी दिसते, आणि त्या फाँटांसाठीं केलेले प्रोग्रॅम बहुधा विंडोजवरच चालतात. हा दोष मिंटचा नव्हे. पण अडचण आपली आहे.

मेनूंच्या भाषांतराची स्थिति मात्र शोचनीय आहे. भाषा मराठी निवडली म्हणजे एक ओळ मराठींत येते, दुसरी इंग्रजींत, आणि मराठींत येणाऱ्या ओळींतही कोठें 'फाइल' तर कोठें 'संचिका'. हें भाषांतर कोणत्याही कंपनीच्या कचेरींत होत नाहीं; लाँचपॅड नांवाच्या संकेतस्थळावर नांव नोंदवून ज्याला येईल त्यानें तें करावयाचें असतें. पदवीधरांची आपल्याकडे वाण नाहीं, परिभाषेवर वाद घालणाऱ्यांची तर मुळींच नाहीं. तूर्त आम्हीं आमच्या यंत्रावर मेनू इंग्रजीच ठेविला आहे, आणि लेखन मराठींत करितों.