कृष्णविवराच्या परिवलनाचे मापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असलेल्या अतिप्रचंड कृष्णविवरांचे वर्णन मुख्यतः वस्तुमान आणि परिवलन या दोन राशींनी केले जाते. परिवलनात कृष्णविवराच्या वाढीचा इतिहास साठलेला असतो. वायू दीर्घकाळ एकाच दिशेने येत राहिल्यास परिवलन वेगवान होते, तर निरनिराळ्या दिशांनी थोडाथोडा आल्यास ते मंदावते. हे परिवलन क्ष-किरणांद्वारे 'मोजले' असे सर्रास लिहिले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूच्या तबकडीवर क्ष-किरण पडले असता त्यातील लोह ६.४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेची वर्णरेषा देते. तीव्र गुरुत्वाकर्षणामुळे ही रेषा कमी ऊर्जेकडे पसरते. परिवलन जितके वेगवान, तितकी सर्वांत आतील स्थिर कक्षा जवळ आणि रेषा अधिक पसरट. जपानच्या आस्का उपग्रहाच्या १९९४ मधील निरीक्षणांत एमसीजी-६-३०-१५ या दीर्घिकेत अशी रेषा आढळली.

तथापि, वाटेतील वायूच्या ढगांनी क्ष-किरण शोषल्यामुळेही असाच आकार दिसू शकतो, हा आक्षेप बिनतोड होता. २०१३ मध्ये रिसालिती व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन यांची एकत्रित निरीक्षणे वापरून एनजीसी १३६५ बाबत केवळ शोषणाचे प्रारूप टिकत नसल्याचे दाखविले. तेथील परिवलन कमाल मर्यादेच्या किमान ८४ टक्के ठरले. न्यूस्टार सुमारे ७९ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे किरण टिपत असल्यामुळे हा निवाडा शक्य झाला.

तरीही दोन मुद्दे उरतात. पहिला असा की, तबकडीची आतील कड स्थिर कक्षेशीच संपते, हे गृहीतक आहे. दुसरा मुद्दा निवडीचा आहे. परिवलन नसलेले कृष्णविवर पडणाऱ्या द्रव्याच्या सुमारे ६ टक्के वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर घडविते. अतिवेगवान परिवलनात हे प्रमाण ३० टक्क्यांवर जाते. साहजिकच वेगाने फिरणारी कृष्णविवरे अधिक तेजस्वी दिसतात व तीच प्राधान्याने अभ्यासली जातात. त्यामुळे 'बहुतेक कृष्णविवरे वेगाने फिरतात' हा निष्कर्ष उपलब्ध नमुन्यावरून काढणे घाईचे ठरेल.

निष्कर्ष :
ही पद्धत निरुपयोगी नाही; एनजीसी १३६५ चे उदाहरण तिचे सामर्थ्यच दाखविते. परंतु येथे परिवलन प्रत्यक्ष मोजले जात नाही, तर प्रारूपाच्या आधारे अनुमानिले जाते. विद्यार्थ्यांना आकडा सांगताना त्यामागील गृहीतक सांगणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.