आपत्ती-साहाय्य आणि समलिंगी जोडीदार : ‘वारस’ संकल्पनेची चिकित्सा

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुराचे पाणी कोल्हापुरातील शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरले. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. शहरी पूरग्रस्त कुटुंबास १५,००० रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. भिजलेल्या अंथरुणांची व वाहून गेलेल्या भांड्यांची नोंद करताना विवाहाचा दाखला लागत नाही. तेथे कुटुंब म्हणजे एका चुलीवर जगणारी माणसे. माणूसच दगावल्यास मात्र चार लाखांच्या सानुग्रह साहाय्यासाठी ‘वारस’ शोधला जातो. समलिंगी जोडीदार या शब्दात बसत नाही.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम १२ विधवा व अनाथ यांचा निर्देश करते, तसेच जीवितहानीबद्दलच्या साहाय्याचाही. ते साहाय्य कोणास द्यावे, हे मात्र कलम सांगत नाही. म्हणजे अडसर मूळ कायद्यात नसून त्याखालील नियमांत व कार्यालयीन रिवाजात आहे.

‘सुप्रियो’ खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाने समलिंगी विवाहास मान्यता नाकारली आणि जोडप्यांच्या हक्कांचा विचार मंत्रिमंडळ सचिवांच्या समितीकडे गेला. २०२४ मध्ये शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एक कुटुंब मानावेत, अशी सूचना निघाली. धान्यापुरते कुटुंब आणि मृत्यूनंतर परके, ही विसंगती समर्थनीय नाही. विवाह व साहाय्य या दोन प्रश्नांची गाठ अपरिहार्य नाही, याचे उदाहरण न्यूयॉर्क राज्याचे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील मृतांच्या सहजीवी जोडीदारांना, समलिंगी जोडीदारांसह, तेथे २००२ मध्येच कामगार भरपाईचा लाभ खुला झाला. समलिंगी विवाहास मान्यता मिळाली ती २०११ मध्ये.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यात पती, पत्नी, आईवडील व अपत्ये एवढेच हक्कदार होते. मोटार अपघातांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ही चौकट ओलांडून मृताच्या भावाचा दावा ग्राह्य धरला. वृद्ध आईवडिलांचे काय, हा आक्षेप रास्तच. पण अपघात न्यायाधिकरणे अनेक दावेदारांत रकमेची विभागणी नेहमीच करतात.

खरी अडचण पुराव्याची आहे. सहजीवन सिद्ध करावयाचे, तर शेजाऱ्यांची साक्ष हवी. आणि ज्या शेजाऱ्यांपासून ते आयुष्यभर लपविले, त्यांच्यासमोरच शोकाच्या घटकेला ते उघड करावे लागते. हयातीतच केलेले गोपनीय नामनिर्देशन आपत्ती-साहाय्यासही ग्राह्य धरले, तर हा प्रसंग टळेल. त्यासाठी विवाहकायद्याची वाट पाहावी लागत नाही; मार्गदर्शक तत्त्वांतील दुरुस्ती पुरते.