प्रशिक्षण परिणामकारक ठरलं, पण भाषेचं काय झालं?

'भाषा शिक्षकांसाठी तंत्रज्ञान प्रशिक्षण कार्यक्रमाची निर्मिती व परिणामकारकता.' शिक्षणशास्त्रात पीएच.डी.ची तयारी करत असाल, तर या धाटणीचा विषय तुम्ही एकदा तरी वहीत लिहिला असेल. आराखडाही ठरलेला असतो: एकल गट, पूर्वचाचणी, प्रशिक्षण, उत्तरचाचणी, टी-मूल्य. सरासरी वाढते, शून्य परिकल्पनेचा त्याग होतो, कार्यक्रम परिणामकारक ठरतो. आज यातल्या एकाच गोष्टीकडे बारकाईने बघू या. आपण मोजतो कशाने?

बहुतेकांचं बोट टीपॅककडे जातं. थोडक्यात सांगायचं तर, ली शुलमन यांनी 1986 मध्ये मांडलं की विषय येणं आणि शिकवता येणं यांपलीकडे 'हा विषय कसा शिकवावा' याचं वेगळं ज्ञान शिक्षकाकडे असतं. बी.एड.ला शिकलेलं 'आशययुक्त अध्यापन' आठवा, ते याच्या जवळचं आहे. 2006 मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान एकमेकांत मिसळल्यावर तयार होणारं ज्ञान म्हणजे टीपॅक. मांडणी चांगली आहे, आणि माझा आक्षेप तिच्यावर नाही.

आक्षेप आहे तो ती मोजण्याच्या सवयीवर. 2009 मध्ये डेनिस श्मिट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 124 भावी शिक्षकांवर एक प्रश्नावली तपासून प्रसिद्ध केली. पाच बिंदूंची पदनिश्चयन श्रेणी, शिक्षकाने स्वतःच भरायची. गणित, भाषा-साक्षरता, विज्ञान, सामाजिक शास्त्रं असे चार विषय. आता टीपॅकच्या विभागातली विधानं नीट वाचा. विषय, तंत्रज्ञान आणि पद्धती यांचा मेळ घालून मी पाठ घेऊ शकतो, अशा अर्थाचं एकच वाक्य चार वेळा येतं. बदलतं फक्त विषयाचं नाव. सगळेच विषय शिकवणाऱ्या प्राथमिकच्या भावी शिक्षकांसाठी ते चालून जातं. पण तेच साधन भाषांतर करून पदव्युत्तर प्रशिक्षण घेणाऱ्या मराठीच्या शिक्षकाला दिलं, तर भाषेबद्दलचा मुख्य प्रश्न एका विधानात उरकतो.

यात काय सुटतं? गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर डोळ्यांसमोर आणा. समजा, सहावीच्या मुलांनी एका मासेमाराचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि बोलून टाइप करण्याच्या सोयीने ते लेखी करायला घेतलं. त्यात 'सुकती' आलं, 'उधाण' आलं, 'भांग' आलं. सुकती म्हणजे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तो भांग. यंत्राने 'भांग' अगदी शुद्ध लिहिलं तरी गावाबाहेरच्या वाचकाला केसांतला भांग आठवेल, नाहीतर होळीची भांग. आणि 'सुकती'च्या जागी यंत्राने भलतंच काही लिहिलं तर? शिक्षकाने तिथे 'ओहोटी' करून टाकायचं, 'सुकती' ठेवायचं, की दोन्ही ठेवून कुठला शब्द कुठे चालतो हे मुलांकडूनच काढून घ्यायचं?

भाषा शिक्षकाचं टीपॅक इथे दिसतं. विज्ञानाच्या तासाला भरती-ओहोटीचं ॲनिमेशन दाखवलं, तर साधन बदलतं, चंद्राचं गुरुत्वाकर्षण बदलत नाही. भाषेच्या तासाला भाषा हेच माध्यम आणि भाषा हाच आशय. साधन थेट आशयालाच हात लावतं. पण प्रश्नावलीत, चकाचक स्लाइड्स करणारे सर सगळीकडे पाच भरतील आणि रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा ऐकवून 'सुकती' वाचवणाऱ्या बाई संकोचाने तीन. तुमचा प्रबंध कोणाला प्रशिक्षित म्हणेल?

वेगळी वाट आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 2015 पासून एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्सबरोबर 'क्लिक्स' हा उपक्रम चालवला. त्यात शिक्षकांसाठी, तंत्रज्ञानाच्या आधारे चिंतनशील अध्यापन या विषयाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता. शिकलेलं वर्गात वापरायचं, काय घडलं ते लिहायचं आणि इतर शिक्षकांसमोर मांडायचं, असा त्याचा गाभा. म्हणजे मूल्यमापनाला आत्मविश्वासाच्या आकड्यांपलीकडे काही हाताला लागतं. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा: क्लिक्सचं काम राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराममध्ये होतं, आणि त्यातली भाषा होती इंग्रजी. मुलांची बोली आणि पुस्तकातली मराठी यांमधल्या वर्गाला तो साचा जसाच्या तसा बसणार नाही. तिथे तुमच्या संशोधनाला जागा आहे.

मग आराखडा लिहिताना काय कराल? प्रश्नावली हवी तर ठेवा, पण एकटी नको. प्रत्येक शिक्षकाकडून प्रशिक्षणाआधीचा आणि नंतरचा एकेक पाठ घ्या, सोबत मुलांचं लेखनही. साधनाने केलेली चूक शिक्षकासमोर ठेवा आणि 'तुम्ही इथे काय कराल, का?' असं विचारा. हे उत्तर तपासायचे निकष आधीच ठरवा. आणि 'परिणामकारकता'ची कार्यात्मक व्याख्या लिहिताना त्यात भाषेबद्दल निदान एक वाक्य येऊ द्या.

आराखडा सादर करण्याआधी शेवटची चाचणी घ्या. शीर्षकातलं 'भाषा' खोडून 'भूगोल' लिहा. बाकी आराखड्यात काहीच बदलावं लागलं नाही, तर मार्गदर्शकांकडे जाण्याआधी साधनावर पुन्हा बसा. नाहीतर टी-मूल्य सार्थ येईल, पदवीही मिळेल, आणि पुढच्या वर्षी तेच प्रशिक्षण 'परिणामकारक' म्हणून त्याच बाईंना पुन्हा दिलं जाईल.