वास्तूला बोलते कसे करावे?

शनिवारवाड्यावरून मुठा ओलांडून थोडे चालले की पाताळेश्वराचे लेणे लागते. वाट जवळची, पण वास्तूचा इतिहास शोधणाऱ्याला ही दोन ठिकाणे दोन टोकांची वाटतात. एकाचे कागद उरले आणि इमारत गेली. दुसऱ्याची इमारत उरली, पण तिची तारीख सांगणारा कागद नाही.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली आणि खर्च १६,११० रुपये आला, हे आपण जाणतो ते कागदपत्रांमुळे. १८२८ च्या आगीत लाकडी मजले जळाले. तट, दरवाजे आणि जोती तेवढी राहिली. कागद तारीख देतो, हिशेब देतो, धन्याचे नाव देतो. सुताराचा हात कसा होता, हे मात्र तो सांगत नाही.

पाताळेश्वराकडे अभ्यासक जातो तो खांबांचा घाट पाहायला. जेम्स फर्ग्युसनने १८७६ च्या आपल्या ग्रंथात भारतीय इमारतींची शैलीवार मांडणी केली. त्याच वाटेने, घडणीचे साम्य पाहून, हे लेणे आठव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. पद्धत मोठी खरी. पण लेणे अर्धवट का राहिले, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नाही.

तिसरी पद्धत आहे ती मोजण्याची आणि विचारण्याची. तिचे खरे क्षेत्र म्हणजे पेठांतले साधे वाडे. वाडा मोजला जाई खणांनी. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि तो केवढा असावा हे ठरे तुळईच्या लांबीवर. खोलीची रुंदी अशी लाकडाने ठरवलेली असे. देवडीपर्यंत कोणी यावे, ओसरीवर कोणी बसावे, माजघरात कोणी वावरावे, हे पाहत एकेक उंबरठा ओलांडला की त्या काळचा समाजच उलगडत जातो. माझ्या मते ही वाट सर्वांत समृद्ध. तरी तिलाही धोका आहे. घरोघरी आपला वाडा ‘पेशव्यांच्या वेळचा’ असतो! तेथे पुन्हा कागदालाच साक्षीला बोलवावे लागते.

तेव्हा पद्धतींचे भांडण व्यर्थ आहे. प्रश्न आहे तो वेळेचा. दफ्तर कपाटात आहे, कातळ जागचा हलत नाही. वाडे मात्र १९६१ च्या पानशेतच्या पुरात पडले, आणि पुढे सदनिकांसाठी पाडले गेले. जे उरले आहेत ते आधी मोजले पाहिजेत. दिवाळीला आजोळच्या वाड्यात जमलात, तर फराळ आटोपल्यावर फीत घेऊन खण मोजा, आणि कोण कोठे निजत असे ते आजीला विचारा. ते कोणत्याही दफ्तरात सापडायचे नाही.