फुटबॉलमधील नियमबदल आणि संघांची व्यूहरचना : एक चिकित्सा

प्रस्तावना : खेळाचा नियम हा केवळ निर्बंध नसतो; कोणत्या कृतीला किती मोल द्यावयाचे, हेही तो ठरवितो. नियम बदलला की संघ आपला हिशेब नव्याने मांडतात. हा हिशेब नियमकर्त्यांच्या अपेक्षेनुसारच होईल, असे मात्र नाही. प्रस्तुत लेखात ३ नियमांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

विजयाचे ३ गुण : इंग्लंडच्या लीगने १९८१ मध्ये विजयासाठी २ ऐवजी ३ गुण देण्यास प्रारंभ केला. १९९४ च्या विश्वचषक स्पर्धेतही ही पद्धत आली. आक्रमक खेळास उत्तेजन देणे, हा हेतू होता. बरोबरीतील संघापुरता तो सफल होतो. जय-पराजयाची शक्यता समान असल्यास धोका पत्करून सरासरी दीड गुण मिळतो, बरोबरीने एकच. परंतु आघाडीवरील संघाने गोल स्वीकारून बरोबरी झाल्यास पूर्वी त्याचा १ गुण जात असे. आता २ जातात. साहजिकच बचावाचे मोलही वाढले. गॅरिकानो व पलासिओस-उएर्ता यांच्या स्पॅनिश लीगविषयक अभ्यासात आक्रमणाबरोबरच प्रतिस्पर्ध्याचा खेळ बिघडविण्याचे प्रयत्न वाढल्याचे, मात्र गोल न वाढल्याचे आढळले.

दुप्पट मोलाचा गोल : १९९४ च्या कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत जादा वेळेतील निर्णायक गोल २ गोलांइतका धरला जाई. बार्बाडोसला ग्रेनाडावर २ गोलांच्या फरकाने विजय आवश्यक होता. २-१ अशी आघाडी असताना अखेरच्या मिनिटांत त्यांनी हेतुपुरस्सर स्वतःवरच गोल करून बरोबरी साधली, सामना जादा वेळेत नेला आणि ४-२ असा जिंकला. येथे खेळाडूंच्या खिलाडूवृत्तीस दोष देणे अन्यायाचे ठरेल. दोष नियमाचा होता.

बॅकपासचा नियम : सहकाऱ्याने हेतुपुरस्सर पायाने दिलेला चेंडू हाताळण्यास गोलरक्षकाला १९९२ पासून मनाई झाली. या नियमाने बक्षीस वाढविले नाही, तर वेळकाढूपणाचे साधनच काढून घेतले. गुणफलक काहीही असो, तो सारखाच लागू होतो. गोलरक्षकांना पायांनी खेळण्याचे कौशल्य आत्मसात करावे लागले.

निष्कर्ष : फळाचे मोल वाढविणारा नियम सामन्याच्या स्थितीनुसार उलटू शकतो, अनिष्ट साधन बंद करणारा नियम त्या मानाने अधिक भरवशाचा ठरतो. म्हणून कोणताही नियम अमलात आणण्यापूर्वी आघाडीवरील, पिछाडीवरील आणि स्पर्धेतून बाद होऊ घातलेल्या अशा तिन्ही संघांच्या दृष्टीने तो तपासून पाहणे, हे नियमकर्त्यांचे कर्तव्य होय.