स्वामित्वधनाची कल्पना आणि ऑनलाईन क्रिएटरचे करार

(१)

मराठी नाटककाराला त्याच्या नाटकाच्या प्रत्येक प्रयोगामागे मानधन देण्याची रीत व्यावसायिक रंगभूमीवर रुळलेली आहे. तिच्या मुळाशी एक साधा विचार आहे. नाटक एकदाच लिहिले जाते, पण त्याचा उपयोग पुनःपुन्हा होतो. आणि ज्या ज्या वेळी तो होतो त्या त्या वेळी त्याच्या फळातील काही अंश मूळ कर्त्याकडे परत गेला पाहिजे. स्वामित्वधन, म्हणजे ज्याला व्यवहारात रॉयल्टी म्हणतात, त्याचा खरा आशय हाच होय. ते श्रमाचे वेतन नव्हे, कृतीच्या विक्रीची किंमतही नव्हे. कृतीच्या पुढील आयुष्यातील तो कर्त्याचा वाटा आहे.

इन्स्टाग्राम, यूट्यूब यांसारख्या माध्यमांवरील क्रिएटर आणि त्यांच्याकडून आपल्या मालाची प्रसिद्धी करून घेणारे ब्रँड यांच्यातील करार या कसोटीवर पाहिले, तर त्यांत रॉयल्टी हा शब्द असला तरी तिचा आशय पुष्कळदा नसतो. ठरावीक रक्कम एकदा द्यावयाची आणि तिच्या बदल्यात चित्रफीत, आवाज, चेहरा व नाव ही सर्व माध्यमांत, जगभर आणि कायमची घ्यावयाची, असा या करारांचा परिचित साचा आहे. याचा दोष बहुधा ब्रँडच्या लोभाला किंवा क्रिएटरच्या अज्ञानाला दिला जातो. तो अगदीच निराधार नाही. तथापि १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि त्यातील २०१२ ची दुरुस्ती एकत्र वाचली असता असे दिसते की, दोषाचे मूळ अधिक खोल, खुद्द कायद्याच्या वर्गीकरणातच आहे.

(२)

कृतीचा कर्ता हाच तिचा पहिला स्वामी, असा सामान्य नियम १९५७ च्या कायद्याने घातला. पण कलम १७ मध्ये त्याला महत्त्वाचे अपवादही जोडले. मोबदला देणाऱ्याच्या सांगण्यावरून तयार केलेला चित्रपट, विरुद्ध करार नसेल तर, सांगणाऱ्याच्या मालकीचा होतो. नोकरीच्या ओघात केलेली कृती मालकाची होते. या अपवादांची व्याप्ती १९७७ मध्ये स्पष्ट झाली. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडियन मोशन पिक्चर्स असोसिएशन या वादात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या गीत-संगीताचा हक्क, विरुद्ध करार नसेल तर, निर्मात्याकडे जातो. गाण्याच्या पुढील आयुष्याशी असलेला गीतकाराचा व संगीतकाराचा आर्थिक संबंध त्यामुळे बव्हंशी तुटला.

पस्तीस वर्षांनी, २१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तो पुन्हा जोडला. चित्रपटात समाविष्ट केलेल्या साहित्यकृतीच्या किंवा संगीतकृतीच्या कर्त्याला, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य उपयोगांबद्दल स्वामित्वधनाचा समान वाटा मिळण्याचा हक्क या दुरुस्तीने दिला. हा हक्क वारसांना किंवा स्वामित्वहक्क संस्थेला देता येतो. अन्य कोणाला देता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या दुरुस्तीचा हिरिरीने पुरस्कार केला होता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओ केंद्रांसंबंधी दिलेल्या अंतरिम आदेशात तिचा कर्त्यांना अनुकूल असाच अर्थ लावला. दुरुस्ती न्याय्य आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या प्रत्येक शब्दावर चित्रपटसृष्टीची छाया आहे. निर्माता एक, लेखक दुसरा, नट तिसरा, संगीतकार चौथा, अशी श्रमविभागणी तिने गृहीत धरली आहे. ऑनलाईन क्रिएटरच्या ठिकाणी ही सर्व माणसे एकत्र आलेली असतात, आणि तेथेच अडचणीला आरंभ होतो.

(३)

समजा, कोल्हापूरची एखादी सुगरण पाककृतींच्या चित्रफिती स्वतःच्या मोबाईलवर काढून प्रसिद्ध करते. मसाल्याच्या एका कंपनीने तिला ठरावीक रक्कम देऊन तांबड्या रश्श्यावर दीड मिनिटाची चित्रफीत करावयास सांगितले. संहिता तिची, बोलणे तिचे, हात तिचे आणि स्वयंपाकघरही तिचेच. लोकदृष्टीने ही चित्रफीत निःसंशय तिची होय. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो एक चित्रपट आहे, कारण दृश्यमुद्रणाची कोणतीही कृती चित्रपटाच्या व्याख्येत येते. जो पुढाकार व जबाबदारी घेतो तो निर्माता, आणि निर्माता हाच चित्रपटाचा कर्ता. यास्तव कर्तेपण बहुधा तिच्याकडे राहील. पण कर्तेपण आणि स्वामित्व एक नव्हेत. मोबदला आहे आणि सांगणारा आहे, एवढे सिद्ध झाले की, करार मुका असल्यास, चित्रफितीची पहिली मालकी कंपनीकडे जाते.

येथे 'सांगण्यावरून' हा शब्द निर्णायक ठरतो. क्रिएटरने आधीच योजलेल्या चित्रफितीत ब्रँडने केवळ आपल्या मालाचा उल्लेख विकत घेतला असेल, तर ती त्याच्या सांगण्यावरून झाली असे म्हणणे कठीण आहे. विषय, संहिता आणि मुदत ब्रँडने ठरविली असेल, तर स्थिती उलटी होते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये आर्थिक संबंध उघड करण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांना अनुसरून चित्रफितीवर लावलेली सशुल्क प्रसिद्धीची खूण मोबदल्याचा पुरावा होऊ शकते. चित्रफीत कोणाच्या सांगण्यावरून झाली, हे मात्र तिच्यावरून ठरत नाही. ते करारानेच सांगावयास हवे.

२०१२ मध्ये कलम १७ ला जोडलेल्या परंतुकाने एक सूक्ष्म भेद निर्माण केला आहे. चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्य, नाट्य, संगीत व कला या प्रकारांतील मूळ कृतींच्या कर्त्याचा हक्क वरील अपवादांनी बाधित होत नाही. म्हणजे सुगरणीने लिहिलेले शब्द तिचे राहतात. त्या शब्दांची चित्रफीत मात्र कंपनीची होते. हाच मजकूर तिला पुस्तकात छापता येईल. परंतु स्वतःच्याच चित्रफितीचा तुकडा दुसऱ्या कामासाठी वापरताना तिला कंपनीची परवानगी लागेल.

(४)

यातून कायद्याच्या मौनाचे दोन परस्परविरोधी परिणाम लक्षात येतात. हक्काचे हस्तांतर लेखी झाले, पण त्यात मुदत सांगितली नाही, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची समजली जाते. प्रदेश सांगितला नाही, तर तो भारतापुरता समजला जातो. कलम ३० क अन्वये हेच नियम, योग्य त्या फेरफारांसह, परवान्यालाही लागू होतात. येथे मौन कर्त्याच्या बाजूचे आहे. परंतु कलम १७ खाली मालकी मुळातच ब्रँडकडे गेली असेल, तर हस्तांतर झालेलेच नसते, आणि पाच वर्षांचा नियम उपयोगी पडत नाही. तात्पर्य, काहीच न लिहिणारा क्रिएटर सर्वाधिक गमावतो, आणि 'हक्क माझा. त्याच्या वापराचा परवाना तुम्हांस' एवढे एक वाक्य लिहून घेणारा पुष्कळ काही राखतो. या वाक्याची किंमत मोबदल्याच्या आकड्याहून कमी नाही.

'सर्व माध्यमांत व कायमचे' या शब्दांची शक्तीही अमर्याद नाही. हस्तांतराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा विशेष उल्लेख नसेल, तर हस्तांतर त्याला लागू होत नाही, असे कलम १८ सांगते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने आवाज व चेहरा पुन्हा घडविण्याच्या काळात या तरतुदीचे मोल वाढले आहे. अर्थात आवाज व चेहरा हे स्वामित्वहक्काचे विषय नव्हेत. ते व्यक्तिमत्त्वाच्या हक्कात मोडतात. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अंतरिम संरक्षण दिले, ते याच भूमिकेवरून. चित्रफितीचा परवाना आणि चेहऱ्याची अनुमती एकाच वाक्यात गुंफण्याची प्रथा म्हणूनच सदोष होय.

(५)

आता मुख्य प्रश्न स्वामित्वधनाचा. शब्दशः वाचल्यास २०१२ ची दुरुस्ती क्रिएटरला अत्यंत अनुकूल आहे. ऑनलाईन चित्रफीत चित्रपटगृहात जातच नाही. त्यामुळे गीतकाराच्या हक्काला लागणारी मर्यादा तिला लागत नाही आणि तिचा प्रत्येक उपयोग समान वाट्याच्या कक्षेत यावयास हवा. परंतु हे परंतुक 'साहित्यकृती किंवा संगीतकृती' एवढेच म्हणते. नाट्यकृतीचा उल्लेख करीत नाही. आणि म्हणून दाखविण्यासाठी रचलेला मजकूर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे नाट्यकृतीत मोडतो. कॅमेऱ्यासमोर म्हणावयाचे स्वगत साहित्य की नाट्य, या काव्यशास्त्राला शोभणाऱ्या प्रश्नावर येथे एका माणसाचे उत्पन्न अवलंबून राहते. गीत डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या वाक्याची ही मर्यादा आहे.

कलावंत म्हणून मिळणारा हक्कही असाच अर्धा आहे. कायद्याच्या व्याख्येत नट, गायक, कसरतपटू, जादूगार, इतकेच नव्हे तर गारुडीही कलावंत आहे. तेव्हा क्रिएटर नसण्याचे कारण नाही. सादरीकरण चित्रपटात समाविष्ट करण्यास लेखी संमती दिली की निर्मात्याच्या उपभोगाला त्याला सामान्यतः हरकत घेता येत नाही. मात्र व्यापारी वापर झाल्यास स्वामित्वधन मिळते, असे कलम ३८ क म्हणते. व्यापारी वापर म्हणजे काय, हे व्याख्यांचे कलम सांगत नाही. ज्या चित्रफितीचा जन्मच व्यापारासाठी झाला, तिच्यासंबंधी पहिला मोबदला कोठे संपतो आणि स्वामित्वधन कोठे सुरू होते?

या प्रश्नाचे उत्तर व्यवहारातच दडलेले आहे. क्रिएटरच्या खात्यावर चित्रफीत आपोआप जितकी पसरते, तितक्या उपयोगाची किंमत पहिल्या मोबदल्यात आली, असे मानणे रास्त आहे. परंतु ब्रँड तीच चित्रफीत पैसे खर्चून जाहिरात म्हणून फिरवितो, दूरचित्रवाणीवर, वेष्टनावर किंवा दुकानाच्या फलकावर नेतो, तेव्हा नवा उपयोग सुरू होतो. जाहिरातीवरील खर्च, तिची मुदत आणि तिचे क्षेत्र ही सर्व मोजता येण्याजोगी आहेत. स्वामित्वधनाचा पाया येथेच घालता येतो. विक्रीवर मिळणारी दलाली ही याहून वेगळी गोष्ट आहे. दलाली माल खपविल्याबद्दल मिळते, स्वामित्वधन कृती वापरल्याबद्दल. एक दिले म्हणून दुसरे चुकते होत नाही.

(६)

ब्रँडच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे आहे. चित्रफीत पडली तरी क्रिएटरची रक्कम परत मागितली जात नाही. धोका ब्रँडच पत्करतो. शेकडो लहान करारांचे कायम हिशेब ठेवणे खर्चाचे आहे. हा युक्तिवाद ग्राह्य धरला, तरी त्यातून एकरकमी मोबदल्याचे समर्थन होते. कायमच्या मालकीचे होत नाही. मर्यादित मुदतीच्या परवान्यालाही एकरकमी मोबदला देता येतो आणि मुदत संपल्यावर नव्या मोबदल्याने नूतनीकरण करता येते. अशा परवान्यात हिशेबाचे ओझे फारसे नसते आणि कृतीच्या पुढील आयुष्याशी कर्त्याचे नातेही तुटत नाही. त्यात उपयोगाचे प्रकार, मुदत, प्रदेश, प्रतिस्पर्धी मालाची प्रसिद्धी न करण्याचा कालावधी आणि त्याची वेगळी भरपाई, काटछाटीची मर्यादा व पार्श्वसंगीताच्या हक्कांची जबाबदारी ही कलमे स्वतंत्र असावीत. काटछाटीचे कलम विशेष आवश्यक आहे. कारण लौकिकाला बाधक विकृतीविरुद्ध कलावंताला हक्क देणारे कलम ३८ ख संपादनासाठी किंवा वेळेत बसविण्यासाठी केलेली निव्वळ कपात दोषास्पद मानीत नाही.

तथापि करारावर सर्व भार टाकणे हे कायद्याच्या उणिवेचे उत्तर नव्हे. मोठ्या क्रिएटरला वकील परवडतो. कोल्हापूरच्या त्या सुगरणीला पाठविलेला मसुदा बहुधा आहे तसाच स्वीकारावा लागतो. १९७७ च्या निर्णयानंतर गीतकारही याच स्थितीत होता, आणि त्याला वाचविले ते करारकौशल्याने नव्हे, सोडून देता न येणाऱ्या हक्काने. म्हणून कलम १७ मधील चित्रपटविषयक अपवादातून, ज्या कृतीची संहिता, सादरीकरण व मुद्रण एकाच व्यक्तीचे आहे ती वगळावी, आणि कलम १८ च्या परंतुकात नाट्यकृतीचा समावेश करावा, एवढ्या दोन दुरुस्त्या अगत्याच्या ठरतात. त्या होईपर्यंत एकाच माणसात एकवटलेल्या कर्त्याला कायदा तुकड्यातुकड्यांनीच ओळखत राहील, आणि त्या तुकड्यांच्या सांध्यांतून त्याचे स्वामित्वधन निसटत राहील.