बुरकुंडाचा पाइप, टेंभुर्णीचं पान

मक्याचे दाणे काढल्यावर हातात उरतं ते बुरकुंड. आपण ते गुरांपुढे टाकतो किंवा चुलीत घालतो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाचं एक छोटं शहर आहे, तिथे दीडशे वर्षांपासून या बुरकुंडाचे पाइप बनतात. हेन्री टिबी नावाचा, हॉलंडहून आलेला एक लाकूड कातणारा कारागीर होता. त्याने १८६९ मध्ये हे सुरू केलं. बुरकुंड आतून कोरायचं, बाहेरची भोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने बुजवायची, घासून गुळगुळीत करायचं आणि लाकडी नळी बसवायची. प्लास्टरच्या युक्तीचं पेटंट १८७८ चं आहे. कार्टूनमधल्या पॉपायच्या तोंडात असतो तो हाच पाइप. जनरल डग्लस मॅकआर्थर ३० ऑगस्ट १९४५ ला हरलेल्या जपानच्या विमानतळावर उतरला, तेव्हा त्याच्या तोंडातही हाच होता. जिंकलेल्या सेनापतीच्या तोंडात शेतकऱ्याचा पाइप, म्हणून तो फोटो गाजला.

पाइपच्या शौकिनांचं लिखाण हा एक वेगळाच वाङ्मयप्रकार आहे. कॉफीवर किंवा व्हिस्कीवर लिहितात तशाच गांभीर्याने ही मंडळी पाइपच्या मटेरियलवर लिहितात. बुरकुंडाच्या पाइपबद्दल त्यांचं मत साधारण असं: धूर थंड लागतो, बुरकुंड ओल शोषून घेतं म्हणून कोरडा लागतो, पहिल्या दिवसापासून चव बरी असते आणि तो मोडला तरी रडू येत नाही. मित्राने आणून दिलेला एक माझ्याकडे आहे. त्यात पाच-सहा वेळा तंबाखू भरून पाहिला. त्यांचं म्हणणं खरं आहे. सुरुवातीला धुरात भाजलेल्या मक्याचा गोडवा येतो. एक दोष मात्र ते हळू आवाजात सांगतात. लाकडी नळीचं टोक भांड्याच्या तळात थोडं आत आलेलं असतं, ते जळायला लागलं की चव कडवट होते. काही जण त्यावर राख आणि पाण्याचा चिखल लिंपतात. आपल्याकडे चूल लिंपतात तसं.

बाकीच्या मटेरियलची गोष्ट थोडक्यात सांगतो. सगळ्यात मान ब्रायरला. भूमध्य समुद्राच्या काठावर एक झुडूप वाढतं, त्याच्या मुळाशी गाठ धरते, ती कापून, उकळून, महिनोन्‌महिने वाळवून हा पाइप कोरतात. तो वापरून वापरून तयार करावा लागतो. आत कोळशाचा थर बसू द्यायचा, पण फार जाड होऊ द्यायचा नाही, आणि एकदा ओढल्यावर त्याला दिवसभर विश्रांती द्यायची. मीरशॉम हा तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरजवळ मिळणारा पांढरा, हलका दगड. स्वतःची चव देत नाही आणि वर्षानुवर्षांच्या धुराने मधासारखा पिवळा होत जातो. मातीचा पाइप सगळ्यात प्रामाणिक मानतात, कारण तो तंबाखूची चव जशीच्या तशी देतो. बोटंही तशीच भाजतो.

आपली चिलीम मातीचीच, पण तिला या यादीत कोणी घेत नाही. तिच्यात तळाशी खडा लागतो, खाली ओल्या फडक्याची छापी लागते, विस्तव लागतो आणि सहसा दुसरा माणूसही लागतो. शेगावच्या गजानन महाराजांच्या पोथीतली जानकीराम सोनाराची कथा विदर्भात सगळ्यांना पाठ असते. ती चिलमीसाठी विस्तव मागण्याची आणि तो नाकारण्याची कथा आहे. ब्रायरच्या पाइपवर अशी कथा रचता येणार नाही. तो खिशातून निघतो आणि एकट्याने ओढला जातो.

या सगळ्या रसिकतेत एक गृहीतक आहे, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. भांडं वेगळं आणि तंबाखू वेगळा. भांड्याने नोकरासारखं मागे उभं राहावं, तोंड घालू नये. जे भांडं जितकं गप्प, जितकं टिकाऊ, तितकं ते थोर. बुरकुंडाच्या चाहत्यांनी हा नियम जरा वाकवला. भांड्याची चव त्यांनी चालवून घेतली, भांडं संपतं हेही चालवून घेतलं. त्यांच्या लिखाणात मला आवडतं ते हेच. पण तिथेच ते थांबतात. याच रस्त्याने आणखी एक पाऊल टाकलं, तर असं भांडं समोर येतं जे तंबाखूबरोबर स्वतःही जळून जातं. ते पाऊल आमच्या गोंदियात रोज लाखो वेळा टाकलं जायचं, आणि त्यावर रसिकतेचं एक पान कोणी लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. भात, तलाव, राइस मिल आणि बिडी ही त्याची ओळख. (पुण्याकडे विडी म्हणतात, इकडे बिडीच.) गुजरातेतून आलेल्या पटेल कुटुंबांनी मध्य भारतात हा धंदा वाढवला. गोंदियातली मोठी शैक्षणिक संस्था काढणारे मनोहरभाई पटेल बिडीच्याच व्यवसायातले होते. व्यापाऱ्यांना इथे दोन गोष्टी आयत्या मिळाल्या, रेल्वे आणि जंगल. तंबाखू इथे फारसा होत नाही, तो गुजरातेतून आणि निपाणीकडून यायचा. म्हणजे बिडीतलं गोंदियाचं काय, तर पान.

ते पान टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचं. गुजरातेत आणि महाराष्ट्रातही आपट्याच्या पानात बिडी वळत, दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो त्याच. तेंदूने त्याला मागे टाकलं. का, ते पान हातात घेतल्यावर कळतं. ते चामड्यासारखं लवचिक असतं. वाळवून महिने गेले तरी पाणी शिंपडलं की पुन्हा मऊ होतं, वळताना फाटत नाही, आणि वळलेला आकार धरून ठेवतं. उन्हाळ्याच्या तोंडाला झुडपं छाटतात, मग नवी पालवी येते आणि एप्रिलअखेर ते मे या काही आठवड्यांत तोडणी होते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांतली माणसं पहाटे जंगलात जातात, दुपारपर्यंत परततात आणि घरातले सगळे मिळून सत्तर पानांचा एक असे पुडे बांधतात. संध्याकाळी ते फडावर मोजून द्यायचे. फड म्हणजे उघडं मैदान, तिथे हे पुडे रांगांनी उन्हात पसरलेले असतात. नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूला याच दिवसांत वाघाची भीतीही असते, कारण वाकून पान तोडणारा माणूस झुडपात दिसत नाही.

आता शौकिनांचेच निकष लावून बघू. धूर कसा? बुरकुंड जसा मक्याचा गोडवा देतं, तशी तेंदू एक तुरट, जळक्या पानाची चव देतो. त्याशिवाय बिडी बिडी लागत नाही. तीत तंबाखू पाव ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, बाकी पान. ओढणारा भांडंच ओढत असतो. तयार करायला वेळ लागतो का? नाही, पहिल्या झुरक्यापासून ती तयार असते, आणि तो झुरका पहिल्या काहींपैकीच एक असतो. साफसफाई शून्य. मोडल्याचं दुःख नाही. बुरकुंडाच्या पाइपचं जेवढं कौतुक मी वाचलं, ते सगळं बिडीला लागू होतं, बहुतेक ठिकाणी जास्तच.

पण तेंदूचा एक गुण कोणत्याच पाइपला नाही. त्यातून हवा सहज जात नाही, म्हणून ओढणं थांबवलं की बिडी विझते. सिगारेटचा कागद मुद्दाम असा करतात की ती ठेवली तरी जळत राहावी, कोणी ओढो न ओढो. पाइपही आपोआप विझतो, पण तो पुन्हा शिलगावणं हा त्या फुरसतीच्या खेळाचाच भाग. बिडीचं विझणं कामाच्या माणसाच्या उपयोगाचं आहे. मुकादमाने हाक मारली की अर्धी बिडी कानामागे जाते, तासाभराने परत पेटते. वाया काही जात नाही. मजुराचा वेळ त्याच्या मालकीचा नसतो, आणि हे पान त्या तुटक वेळेला नेमकं बसतं. डिझाइनवर लिहिणाऱ्या कोणी याची दखल घ्यायला हवी होती.

त्याच गुणाची दुसरी बाजूही आहे. विझू नये म्हणून बिडी पुन्हा पुन्हा आणि जोरात ओढावी लागते. सिगारेटपेक्षा तंबाखू कमी, तरी झुरके जास्त आणि खोल, त्यामुळे निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत कमी जात नाही, उलट जास्त जातं. पाइप ओढणारे बहुतेक जण धूर तोंडात घोळवून सोडतात, बिडीत ती सोय नाही. (पाइप निरुपद्रवी असतो असं यातून कोणी काढू नये, तोंडाचा कर्करोग मटेरियल विचारत नाही.) म्हणजे पान अर्धी बिडी वाचवून देतं आणि फुप्फुसातून वसूल करतं. बुरकुंडावर लिहिणारा चवीत रमू शकतो, कारण त्याच्या विषयात चव आणि किंमत लांब-लांब असतात. बिडीवर तसं लिहिताच येत नाही.

वळणाऱ्या हातांचंही तेच. वॉशिंग्टनचा पाइप यंत्रावर कातला जातो. बिडी घरात वळली जाते, बहुतेक बायकांकडून. पान रात्री ओलं करून ठेवायचं, सकाळी पत्र्याचा साचा धरून कात्रीने कापायचं, मांडीवरच्या सुपात तंबाखू, एक चिमूट पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. दिवसाला हजार हे माप धरलेलं, मजुरीही हजाराच्या हिशोबाने. मग पंचवीसचे कट्टे, मग भट्टीत शेकणं. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, कंबर आणि मान धरते. बिडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा १९६६ मध्ये झाला, कल्याण निधीचा १९७६ मध्ये. त्या निधीचा उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांवर युगांतर फिल्म कलेक्टिव्हने १९८२ मध्ये एक माहितीपट केला. तंबाखूवरचं मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं समीक्षालेखन तो आहे असं मी म्हणेन, जरी त्यात चवीबद्दल काहीही नाही. तो सापडला तर बघा. बायका त्यात बोलतात, आणि कोणी त्यांच्या वतीने बोलत नाही.

रील्सवर आजकाल बुरकुंडाचा पाइप ‘साधेपणा’ म्हणून विकला जातो. खिडकी, पाऊस, ब्लँकेट, पाइप. मला त्या पाइपचा राग नाही, माझाही आहेच. पण गरिबाची वस्तू कौतुकाला पात्र ठरायला तिला आधी गरिबापासून लांब जावं लागतं, हे मला खटकतं. मॅकआर्थरने ओढलं म्हणून बुरकुंड शैली झालं. बिडी अजून ओढणाऱ्याच्याच तोंडात आहे, म्हणून ती वास राहिली. कानामागे अर्धी बिडी असलेल्या माणसाला घरात घेताना आपण काय करतो, ते आठवून बघा.

पानाच्या चवीची भाषा नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ती फडावर आहे. तिथे पान जाड की पातळ, शिरा किती, कोवळं तोडलं की निबर, अवकाळी पावसाने डाग पडले का, गारपिटीने भोकं पडली का, हे मुन्शी एका नजरेत सांगतो. ब्रायरच्या रेषा मोजणाऱ्याइतकी त्याची नजर तयार असते. पुढे कारखान्यात बिडीच्या बाबतीत हेच होतं, फुगीर, सैल, वाकडी. फरक इतकाच की ही भाषा कौतुकासाठी वापरत नाहीत, नापास करायला वापरतात. फडावर नापास झालेला पुडा मोजणीत येत नाही. कारखान्यात बाजूला काढलेल्या बिड्यांना छाट म्हणतात, त्यांची मजुरी कापली जाते, आणि कितीदा तरी त्या बिड्या परतही मिळत नाहीत.

२०१३ पासून गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा वनहक्क कायद्याच्या आधाराने तेंदूपत्ता स्वतः गोळा करून विकू लागल्या. तिथे मोजायला गावाचाच माणूस बसतो. डागी पान तो आजही बाजूला काढतो, कारण व्यापारी ते घेणार नाही. पण का काढलं, हे तोडणाऱ्या बाईला त्याच्याकडून तिथल्या तिथे ऐकून घेता येतं, आणि पटलं नाही तर ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं.